निळ्या अंड्याची कोंबडी : एक अभ्यास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात कोंबड्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मी वळलो तो एका फसवणुकीमुळे. गेल्या दिवाळीच्या सुटीत बाजारातून मी डझनभर ‘गावरान’ अंडी आणली. साध्या अंड्यांपेक्षा त्यांना बरेच जास्त पैसे मोजले. आजीने ती पाण्यात धुतली, तेव्हा पाणी चहासारखे झाले आणि अंडी पांढरी निघाली! आजी हसून म्हणाली, “अरे, रंगाला कशाला भुललास? कोंबडी कोणती, ते विचारायचं.” कोंबडी आणि अंड्याचा रंग यांचा संबंध काय, हे शोधण्यासाठी मी ग्रंथालयात गेलो आणि थेट दक्षिण अमेरिकेतील चिली देशात जाऊन पोहोचलो.

रंग येतो कोठून?

कोंबडीच्या पोटात अंडे पूर्ण होण्यास सुमारे पंचवीस तास लागतात. त्यांपैकी वीसेक तास कवच चढण्यातच जातात. कवच मूळचे पांढरे, चुन्याचे. तपकिरी अंडे देणारी कोंबडी अखेरच्या काही तासांत त्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य चढवते. हा रंग भिंतीला दिलेल्या गिलाव्यासारखा वरवरचा असतो. तपकिरी अंडे फोडून पाहिल्यास कवच आतून पांढरेच दिसते.

निळ्या अंड्याची गोष्ट वेगळी आहे. त्यातील बिलिव्हर्डिन हे द्रव्य कवच घडत असतानाच त्यात मुरते, म्हणून कवच आतबाहेर निळे असते. निळ्या कवचावर तपकिरी थर चढला की अंडे हिरवे दिसते. म्हणजे निसर्गाच्या रंगपेटीत रंग दोनच आहेत. पांढरे, तपकिरी, निळे, हिरवे, शेवाळी हे सारे प्रकार त्या दोहोंच्या असण्यानसण्याने आणि कमीअधिक प्रमाणाने होतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. पिसांचा रंग आणि अंड्याचा रंग या स्वतंत्र बाबी आहेत. मध्य प्रदेशातील झाबुआ भागाचा कडकनाथ पिसांपासून मांसापर्यंत काळा असतो. त्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्या जातीच्या कोंबडीचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी असते. तसेच कवचाच्या रंगाने अंड्याचे पोषणमूल्य वाढत नाही. बलक किती पिवळा होणार, हे कोंबडीने मका आणि हिरवा पाला किती खाल्ला यावर ठरते.

चिलीची कथा

दक्षिण चिलीत मापुचे नावाचे आदिवासी राहतात. स्पॅनिश लोकांनी त्यांना अराउकानो म्हटले, आणि त्यावरून त्यांच्या कोंबडीचे नाव अराउकाना पडले. साल्वादोर कास्तेल्यो हे स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञ 1914 मध्ये चिलीत गेले असता त्यांनी विलक्षण कोंबड्या पाहिल्या. त्यांना शेपूट नव्हते, कानांपाशी कर्णफुलांसारखे पिसांचे झुबके होते आणि त्यांची अंडी निळी होती. 1921 मध्ये हेग येथील पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत कास्तेल्यो यांनी ही बातमी विद्वानांपुढे ठेवली. ही कोंबड्यांची एक स्वतंत्र प्रजातीच असावी, असे त्यांचे मत झाले होते.

परंतु ते मत टिकले नाही. तेथे मुळात दोन वेगळ्या कोंबड्या होत्या. एक बिनशेपटीची, निळी अंडी देणारी; दुसरी शेपटीची, झुबके असलेली, पण निळी अंडी न देणारी. रूबेन बुस्तोस या चिलीतील गृहस्थाने त्यांच्या संकरातून आपला कळप तयार केला होता. पुढे कास्तेल्यो यांनी स्वतःच आपली चूक दुरुस्त केली. चूक कबूल करणारा विद्वान मला त्याच्या शोधाइतकाच मोठा वाटतो.

मेंडेलचा हिशेब

केंब्रिजचे प्रा. पनेट यांनी 1933 मध्ये दाखवून दिले की निळा रंग एकाच प्रभावी जनुकामुळे येतो. आईबापांपैकी एकाकडून जरी ते मिळाले तरी तलंग निळी अंडी देते. तपकिरी रंगाचे तसे नाही. तो अनेक जनुकांनी मिळून ठरतो, म्हणून त्याच्या छटा हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच गडद करता येतात.

2013 मध्ये या जनुकाचे मूळही सापडले. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरला, आणि त्यामुळे एरवी यकृतात काम करणारे एक जनुक कवच घडवणाऱ्या भागातही जागे झाले. चीनमध्येही निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत. त्यांच्यात हा तुकडा निराळ्या जागी शिरलेला आढळला. म्हणजे एकच योगायोग जगाच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे घडला!

आता परसातील पालकाची अडचण पाहा. कोंबडा अंडे देत नाही. मग त्याच्यात निळे जनुक एक आहे की दोन, की मुळीच नाही, हे ओळखावे कसे? उपाय असा : त्याला पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांत सोडावे आणि मुलींची अंडी पाहावीत. दोन्ही जनुके निळी असतील तर सर्व मुली निळी अंडी देतील. एकच असेल तर सरासरीने निम्म्या. पाच मुलींनी निळी अंडी दिली तरी ‘एकच जनुक’ असलेल्या कोंबड्याकडून हे निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता बत्तिसांत एक उरते. सात मुली झाल्या तर एकशे अठ्ठाविसांत एक. सहा महिने थांबावे लागते, पण उत्तर खात्रीचे मिळते.

ज्याला टोपलीत सर्व रंग हवेत त्याने पांढऱ्यासाठी लेगहॉर्न, तपकिरीसाठी ऱ्होड आयलंड रेड आणि निळ्यासाठी अराउकाना पाळावी. शेवटच्या दोहोंच्या संकरातून हिरवी अंडी मिळतात. आठदहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. उबवणीला एकवीस दिवस लागतात. पिल्लांत निम्मे नर निघणार, त्यांचे काय करावयाचे हे कोंबडी खुडूक बसवण्यापूर्वीच ठरवावे.

सौंदर्याची किंमत

या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट अजून सांगावयाची आहे. कानांपाशी झुबके आणणारे जनुक दुहेरी झाले की पिल्लू कवचातच मरते, तेही उबवणीच्या अखेरच्या दिवसांत. झुबकेदार कोंबडा झुबकेदार कोंबडीशी जुळवला तर दर चार पिल्लांमागे एक अशा रीतीने जाते. बिनझुबक्याच्या कोंबडीशी जोडी लावली तर ही दुहेरी अवस्था येतच नाही, आणि तरीही निम्म्या पिल्लांना झुबके मिळतात. अमेरिकेतील प्रदर्शनांच्या नियमांत अराउकानाला झुबके हवेतच, असा दंडक आहे. 1984 मध्ये तेथे मान्य झालेल्या ‘अमेराउकाना’ जातीत मात्र निळे अंडे ठेवून झुबके वगळले आहेत व शेपूटही राखले आहे. मला हा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो. निळ्या अंड्याला झुबक्यांची गरज मुळीच नाही. ती गरज माणसाच्या डोळ्यांची आहे.

आपल्या परसात

अराउकाना आपल्याकडे नसली तरी हा हिशेब आपल्या खुराड्यालाही लागू आहे. आजी कधी कोणतेही अंडे उबवायला ठेवत नसे. जी कोंबडी भरपूर अंडी देई, पिल्ले नीट सांभाळी आणि घारीला चुकवी, तिचीच अंडी डालग्याखाली जात. मेंडेलचे नावही न ऐकता ती निवड करीत होती. परंतु एका उन्हाळ्यात मानमोडी आली आणि चार दिवसांत खुराडे रिकामे झाले. वर्षानुवर्षांची निवड एका रोगाने पुसली. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यातच देता येते. ती त्या वर्षी दिली गेली नव्हती. म्हणून जातीच्या गप्पा मारण्यापूर्वी लस, कोरडे खुराडे आणि स्वच्छ पाणी या तीन गोष्टींकडे पाहावे, असे मी माझ्या मित्रांना आवर्जून सांगतो.

बाजारात अंडे घेताना मी आता रंग पाहत नाही. विकणाऱ्याला कोंबडीविषयी विचारतो. बहुतेकांना उत्तर देता येत नाही. ज्याला देता येते, त्याच्याकडून घेतो. आजीने यंदा पुन्हा चार तलंगा आणल्या आहेत. या वेळी लस टोचून घेण्याचे काम माझ्याकडे आहे.