केळी गव्हाणीत टाकण्याआधी

चि. बाळास,


वादळात बाग आडवी झाल्याचं कळलं. व्यापारी आता त्या घडांना हात लावणार नाही. बांधावर कुजण्यापेक्षा केळी गायींना घालावीत, हा तुझा विचार मला पटला. पण फुकटचं खाद्य मिळालं म्हणून ढेप बंद करण्याचं जे लिहिलंस, ते मुळीच करू नकोस. केळ्यात ताकद भरपूर, पण प्रथिनं नावापुरती आणि कॅल्शियम त्याहून कमी. शिवाय तीन हिस्से पाणीच. चारशे किलोच्या दुभत्या गायीला दिवसाला साधारण १२ किलो सुकं खाद्य लागतं. १० किलो केळ्यांतून त्यातलं जेमतेम अडीच किलो मिळेल. सरकीची ढेप तोडलीस तर गाय पोटभर खाऊनही दुधाला उतरेल. खनिज मिश्रण आणि मीठही चालू ठेव.

खरी भीती घाईची आहे. कच्च्या केळ्यात पिष्ट, पिकल्यावर त्याचीच साखर. कोठीपोटातले जिवाणू कडब्याला सरावलेले असतात. एकदम पाटीभर केळी पडली की आत आम्ल साचतं. गाय रवंथ सोडते, शेण पातळ आणि आंबूस येतं, पुढे खूर दुखू लागतात. जास्तच झालं तर जनावर दगावतं. म्हणून सुरुवात एक-दोन किलोने कर, दोन आठवड्यांत चढवत आठ-दहा किलोवर थांब, आणि तेवढीही सकाळ-संध्याकाळ विभागून दे. आधी कडबा, मग केळी. कडबा चघळताना आणि रवंथ करताना जी लाळ सुटते तीच हे आम्ल मारते. रिकाम्या पोटी केळी कधीच नको.

घड उचलताना प्रत्येकावर चढवलेली प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे स्कर्टिंग बॅग, स्वतः काढ, गड्यावर सोडू नकोस. दांड्याला चिकटलेला तिचा निळा तुकडा आणि टेकूची प्लॅस्टिक दोरी कुट्टीत सहज जाते आणि जन्मभर पोटात राहते. फण्या सोडवून केळ्यांचे तुकडे कर, म्हणजे घशात अडकणार नाहीत. अलीकडे फवारणी झालेल्या ओळी बाजूला ठेव. बुरशी आलेलं केळ खतात टाक; बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध लोकांची लेकरं पितात.

एवढा माल आठवड्यात संपणार नाही. कच्ची केळी कडब्याच्या कुट्टीबरोबर बॅगेत घट्ट दाबून मुरघास घाल. कडबा पाणी शोषून घेतो. हवा मात्र राहू देऊ नकोस. केळीचा खांब कापून घालायला हरकत नाही, पण तो बहुतेक पाणीच, त्याला वैरण समजू नकोस.

पहिले पंधरा दिवस रोज शेण बघ आणि डेअरीच्या पावतीवरचं फॅट बघ. फॅट घसरलं तर केळी निम्मी कर. गायीने रवंथ सोडला तर केळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव, सकाळची वाट बघू नकोस.

तुझा
मामा