काठाचे राखणदार

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस, नाणेघाटात, मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु पूर्वेस बेल्हे गावाकडे येता येता तो विरळ होतो. अशा कोरड्या मुलखात ओढ्याचा काठ उघडा पडला, की एकाच पुरात शेताची सुपीक माती वाहून जाते. गेलेली माती परत मिळत नाही.

काठाचे राखणदार कोण? पाण्यालगत लव्हाळा आणि वाळा. वाळ्याच्या मुळ्या सरळ खोल जाऊन माती घट्ट धरतात. त्यांच्या मागे निरगुडी व वाळुंज. लोंढ्यापुढे यांच्या फांद्या लवतात आणि पाण्याचा वेग मंदावतो. वरच्या अंगास करंज, जांभूळ व उंबर उभे असतात.

हे राखणदार पुन्हा आणता येतात. पावसाच्या आरंभी वाळ्याचे ठोंब लावावे, निरगुडी-वाळुंजाच्या फांद्या ओल्या मातीत खोचाव्या, करंजाच्या बिया पेराव्या. मात्र कोवळी रोपे गुराढोरांपासून जपली पाहिजेत.

बेल्हे तर बैलबाजारासाठी प्रसिद्ध! मग जनावरांनी खावे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाने याचे उत्तर दिले आहे. १९८९ नंतर तेथील ग्रामस्थांनी डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. गवत कापून ते गोठ्यात नेऊ लागले. पाणी मुरले, विहिरींना पाझर फुटले, चाराही वाढला.

मुलांनो, काठ राखला तर शेत राहते. शेत राहिले तर गाव राहते.

स्वाध्याय : तुमच्या गावच्या ओढ्याकाठी कोणकोणत्या वनस्पती आहेत, ते पाहून लिहा.