मावळ्यांना शेवटचा हात



दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. दगड रचतो, मातीचा लपका देतो, हळीव पेरतो. वर महाराज बसवतो आणि बुरुजांवर मावळे उभे करतो. पण पहाटे दव पडते. कधी परतीचा पाऊस येतो. मग मावळ्यांचा रंग ओघळतो आणि भाऊबीजेपर्यंत कोणाला तोंड राहत नाही, तर कोणाला पागोटे. दरवर्षी आपण म्हणतो, जाऊ दे, पुढच्या वर्षी नवे आणू.

आता तसे म्हणता येणार नाही. आपल्या गावचे कुंभारबाबा मावळे करायचे. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी शेवटचे केलेले अकरा मावळे त्यांनी आपल्या वर्गाला दिले. ते भट्टीत भाजलेले आहेत, म्हणून पाण्यात विरघळणार नाहीत. पण रंग जाऊ शकतो. तो टिकवायचा कसा, ते मी माझ्या मामाकडून शिकले. मामाला छोटे शिपाई रंगवण्याचा छंद आहे.

असे शिपाई परदेशात लढाईचा खेळ खेळायला वापरतात. इंग्लंडमधले लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाच्या पुस्तकात या खेळाचे नियम लिहिले. मामाचे शिपाई माझ्या करंगळीपेक्षा लहान आहेत, तरी त्यांच्या ढालीवर चित्र असते!

साहित्य : भाजलेले मावळे, पोस्टर कलर, दोन ब्रश, चकाकीचे तेली व्हार्निश, बिनचकाकीचे म्हणजे मॅट व्हार्निश, टर्पेंटाइन, चिमटा, वाटीभर पाणी, मऊ फडके आणि डेकल.

डेकल म्हणजे पाण्यातून सुटणारे चित्र. कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक असतो. त्यावर पातळ पापुद्रा असतो आणि चित्र त्या पापुद्र्यावर छापलेले असते. कागद भिजला की डिंक सुटतो आणि चित्र सरकते. मामाने छोट्या सूर्यांचे डेकल आणले होते.

कृती :

१. मावळ्याची धूळ झाडावी. भाजलेली माती रंग पिऊन टाकते. म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्यावा. तो वाळला की अंगरखा, पागोटे, तोंड असे रंगवावे. एक दिवस वाळू द्यावे.

२. आता चकाकीच्या व्हार्निशचा पातळ हात द्यावा. मी मामाला विचारलं, “चित्राच्या आधीच व्हार्निश कशाला?” मामा म्हणाला, “दोन कारणं आहेत. पोस्टर कलर पाण्याचा. त्यावर ओलं चित्र ठेवलंस तर खालचा रंग सुटेल. दुसरं, खडबडीत जागेवर चित्र नीट बसत नाही.” मग त्याने ओला कागद स्टीलच्या ताटावर ठेवला, तो गच्च बसला. तसाच कागद अंगणातल्या खड्यांवर ठेवला, तर खाली पोकळ जागा राहिल्या. चित्राखाली अशी हवा राहिली, की ते पांढुरके दिसते.

३. दुसऱ्या दिवशी डेकल कडेने कापावे. चिमट्यात धरून अर्धा मिनिट पाण्यात बुडवावे आणि बाहेर काढून थांबावे. बोटाने ओढू नये, फाटते. आपोआप सुटले की ओल्या ब्रशने ढालीवर सरकवावे. मग फडक्याने मधून कडेकडे हलके दाबावे, म्हणजे हवा आणि पाणी निघून जाते. पुन्हा एक दिवस थांबावे.

डेकल मिळाले नाही तर? मी दोन ढालींवर आईच्या चार-चार छोट्या टिकल्या लावल्या. जुन्या ढालींवर धातूचे चार फुगे असतात, तशा त्या दिसतात.

४. चित्रावर किंवा टिकलीवर पुन्हा चकाकीचे व्हार्निश लावावे. त्याने कडा बंद होतात आणि चित्र उचकटत नाही.

५. ते पूर्ण वाळले की मॅट व्हार्निशचा शेवटचा हात द्यावा. मावळ्याचा अंगरखा सुती असतो, तो भांड्यासारखा चमकला तर खोटा वाटतो. मॅटची बाटली आधी चांगली ढवळावी, कारण चमक मारणारी भुकटी तळाला बसते. हात पातळच द्यावा, जाड झाला तर पांढरट दिसतो. शेवटी तलवारीच्या पात्यावर तेवढे चकाकीचे व्हार्निश लावावे. पाते एकदम खरे वाटते!

आम्ही केलेला प्रयोग : एका खापरीवर लाल रंग दिला. तो वाळल्यावर अर्ध्या भागालाच व्हार्निश लावले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे पाण्याचा थेंब टाकला आणि बोट फिरवले. बिनव्हार्निशच्या बाजूला बोट लाल झाले. व्हार्निशच्या बाजूला थेंब मण्यासारखा उभा राहिला आणि बोट कोरडे रंगाविना राहिले. ही खापरी फळ्याखाली ठेवली आहे, सर्वांनी पाहावी.

काळजी : व्हार्निश आणि टर्पेंटाइन पेट घेतात. म्हणून चुलीपासून लांब, उघड्या ओट्यावर आणि मोठे माणूस जवळ असतानाच लावावे. पावसाळी हवेत लावू नये, लवकर वाळत नाही. तेली व्हार्निशने पांढरा रंग किंचित पिवळट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

एका मावळ्याला सगळे मिळून पाच दिवस लागतात. त्यात खरे काम तासाभराचेच असते, बाकी सगळे थांबणे. मामा म्हणतो, घाई करणाऱ्याचा मावळा बोटाच्या ठशाने ओळखू येतो!

अकरापैकी सात मावळे तयार झाले आहेत. ते बाईंच्या कपाटात कापसात ठेवले आहेत. कुंभारबाबांना एक हातात दिला. त्यांनी ढालीवरून बोट फिरवले आणि विचारले, “ह्यो सूर्य का?” चार मावळे बाकी आहेत. ज्यांना शिकायचे आहे, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर ओट्यावर यावे. येताना जुना ब्रश आणावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी