डावा हात कीबोर्डवर, नजर रेषेवर

बाळा, गेल्या रविवारी तुझ्या शेजारी बसून तासभर तुझं काम पाहिलं. हात चांगला आहे तुझा. ड्राफ्ट्समनचा ट्रेड मन लावून केलास हे लगेच कळतं. पण एक गोष्ट खटकली आणि ती मामानं नाही सांगायची तर कुणी? साधी रेष ओढायला तू दर वेळी माउस वर रिबनपर्यंत नेतेस, चित्र शोधतेस, क्लिक करतेस आणि मग खाली येतेस. हात दमतो ते जाऊ दे. तेवढ्या वेळात तुझी नजर ड्रॉइंगवरून उठते, आणि नजर उठली की चूक शिरते.

मी बोर्डावर शिकलो. डावा हात मिनी ड्राफ्टर धरायचा, उजवा पेन्सिल चालवायचा. दोन्ही हातांना काम असायचं. कॉम्प्युटर आल्यावर सगळ्यांचे डावे हात मांडीवर जाऊन पडले. तुझा उचल आणि कीबोर्डवर ठेव. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात आलं. रिबन आली ती पार २००९ च्या आवृत्तीत. कमांड टाइप करायची वाट पहिल्यापासूनची आहे आणि अजूनही तीच जवळची आहे. एल म्हणजे लाइन, टीआर म्हणजे ट्रिम, एमए म्हणजे मॅचप्रॉप. एंटरला बोट लांबवू नकोस, अंगठ्याखालचा स्पेसबार तेच काम करतो. शिवाय नुसता स्पेस दाबला की मागचीच कमांड पुन्हा येते.

आता यातली खरी मेख ऐक. कॉपीच्या सीओमधलं ओ, ऑफसेटचं ओ, मूव्हचं एम ही अक्षरं कीबोर्डच्या उजव्या अंगाला आहेत, म्हणजे तुझ्या डाव्या हाताला परकी. ती बदलता येतात. मॅनेज टॅबमध्ये एडिट अलायसेस आहे. तिथं मी कॉपीला सीसी आणि ऑफसेटला एफएफ देऊन ठेवलंय. फाइल सेव्ह केल्यावर रीइनिट ही कमांड दे, म्हणजे प्रोग्रॅम बंद न करता नवी अक्षरं लागू होतात. एकदम वीस बदलू नकोस. आठवड्याला दोन बदल, बोटांत मुरू दे, मग पुढची दोन.

उजव्या क्लिकचंही तसंच. ऑप्शन्समध्ये युजर प्रेफरन्सेसखाली राइट-क्लिक कस्टमायझेशन आहे. तिथं दाबण्याच्या वेळेनुसार चालणारा राइट-क्लिक चालू कर. झटकन दाबला तर एंटर, जरा दाबून धरला तर मेनू. दिवसात शेकडो वेळा लागणारी गोष्ट आहे ही.

तुझ्या ऑफिसातले जुने लोक ट्रिमला टीआर मारून दोनदा स्पेस देतात, तू त्यांची नक्कल करतेस. २०२१ च्या आवृत्तीपासून क्विक मोड आहे. कटिंग एज निवडायची नाही; टीआर, एक स्पेस, आणि नको ती रेष सरळ उडव. नवी आवृत्ती आली की तिच्यात काय बदललं ते अर्धा तास बसून वाचत जा. आपल्या धंद्यात हे कुणी करत नाही आणि मग दहा वर्षांपूर्वीच्या सवयीनं काम ओढत राहतात.

लेयर, डायमेन्शन स्टाइल, टायटल ब्लॉक, फर्स्ट अँगलचं चिन्ह, पेज सेटअप हे सगळं एकदाच नीट बसवून टेम्प्लेट करून ठेव. जुन्या जॉबची फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करून नवं ड्रॉइंग सुरू करायची खोड आत्ताच मोड. त्यातून जुन्या गिऱ्हाइकाचं मटेरियल नव्या शीटवर येतं. ब्लॉक करताना त्यातल्या रेषा झिरो लेयरवर काढ, म्हणजे ब्लॉक ज्या लेयरवर टाकशील त्याचा रंग घेईल.

आता जे सांगतो ते नीट ऐक, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. भोसरीत एका छोट्या डिझाइन ऑफिसात होतो. फिक्स्चरच्या प्लेटवर दोन भोकांमधलं अंतर १८० होतं, संध्याकाळी फोन आला की ते १८२ करा. भोक सरकवायचं, मग त्याच्या सेंटर लाइन, सेक्शन, बाजूची मापं, सगळंच हलवावं लागणार होतं. मी डायमेन्शनवर डबल-क्लिक केलं आणि आकडा टाइप केला: १८२. प्रिंट बरोबर दिसली. तपासणाऱ्यानं सही केली. पुढं त्याच फाइलची डीएक्सएफ लेझर कटिंगला गेली. लेझर आकडा वाचत नाही, तो रेष कापतो. आठ एमएमच्या चोवीस प्लेटा १८० वर कापून आल्या. असेंब्लीला बोल्ट बसेना, तेव्हा फिटरनं व्हर्नियर लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या प्लेटा पुढं महिनाभर भंगाराच्या कोपऱ्यात, येता-जाता दिसतील अशा पडून होत्या.

म्हणून डायमेन्शनचा आकडा हातानं कधी लिहायचा नाही. रेष बदल, आकडा आपोआप बदलेल. दुसऱ्याची फाइल हातात आली की महत्त्वाच्या मापांवर प्रॉपर्टीज उघड. मेजरमेंट आणि टेक्स्ट ओव्हरराइड अशा दोन ओळी दिसतील. दुसऱ्या ओळीत आकडा लिहिलेला असला तर तिथं थांब, आणि ज्यानं ड्रॉइंग काढलं त्याला विचार. खरं माप परत आणायला त्या जागी <> एवढंच लिही.

सॉलिडवर्क्सवर बसशील तेव्हा हीच काळजी स्केचमध्ये घ्यायची. रेषा निळ्या असतील तर स्केच अजून मोकळं आहे, ओढलं तर हलेल. सगळ्या काळ्या झाल्याशिवाय एक्सट्रूड करू नकोस. रेषांना अशा अटींनी बांधायची सोय आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅडमध्ये करून दाखवली होती. साठ वर्षांवर झाली, आणि अजून आपण ती न वापरता अंदाजानं रेषा ओढतो, याचं मला वाईट वाटतं. सॉलिडवर्क्समध्ये एस दाबलं की कर्सरपाशीच टूल्सची पट्टी उघडते; तुझी नेहमीची टूल्स त्यात भरून ठेव.

बाकी, ऑटोकॅडमध्ये ऑटोसेव्हची वेळ मुळात दहा मिनिटांची असते, ती पाचवर आण. फाइल बिघडली तर शेजारची बॅक फाइल शोध, तिचं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी केलं की उघडते. ड्रॉइंग पाठवण्याआधी ओव्हरकिल आणि पर्ज चालव. एकावर एक दोन रेषा राहिल्या तर लेझर तीच जागा दोनदा कापतो.

या सगळ्यातून रोजचा जो अर्धा-पाऊण तास वाचेल, त्यात आणखी एक शीट काढायला घेऊ नकोस. प्रिंट काढ, शॉपमध्ये जा, ती फिटरच्या हातात दे आणि गप्प उभी राहा. त्याचं बोट जिथं अडेल, तिथं तुझं ड्रॉइंग अपुरं आहे. उद्यापासून जा.