अनाथांचा समाचार
शास्त्रपाठ : याकोब 1:27

परदेशांतील कित्येक मंडळ्या कंबोडिया देशांतील अनाथाश्रम पाहावयास जात असतात. हेतु उत्तम, परंतु त्याचें फळ काय, हेंही पाहिलें पाहिजे. 2005 सालीं तेथें असे 154 आश्रम होते. 2010 सालीं ते 269 झाले. तेथील चार मुलांपैकीं सुमारें तिघांचे आई किंवा बाप जिवंत असल्याचें 2011 सालच्या अहवालांत आढळलें. दारिद्र्यामुळें व शिक्षणाच्या आशेनें आईबापच लेंकरें आणून ठेवीत. पाहुण्यांच्या देणग्यांवर आश्रम वाढत.

आपल्या वचनांत अनाथ व विधवा हीं एकत्र आलीं आहेत, हें ध्यानांत घ्या. विधवेस आधार मिळाला, तर तिचें लेंकरूं तिच्याच पदराखालीं वाढेल. ‘समाचार घेणें’ यास मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्यांत सांभाळ करण्याचाही अर्थ आहे. केवळ पाहून परतणें पुरेसें नाहीं.

ज्यास कोणीच नाहीं, त्यास आश्रय द्यावाच. परंतु आपल्या मंडळींतील एखादी विधवा लेंकरूं आश्रमांत ठेवावयास निघाली, तर आधीं तिच्या घरीं जा, आणि चूल पेटली आहे कीं नाहीं, तें पाहा.