‘चालेल’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणावे

पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली की पोलादपूरहून महाबळेश्वरमार्गे पुण्याला जायचा बेत मोडतो आणि कोणीतरी ‘ताम्हिणीने जाऊ’ म्हणतो. त्यावरचे मराठी उत्तर एका शब्दाचे असते: ‘चालेल’. स्पॅनिशमध्ये पर्याय मान्य करण्याच्या अशा पाच-सहा तऱ्हा आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. फोनवरून शिकणाऱ्यांच्या हाती पडणाऱ्या याद्यांत मात्र सगळ्यांपुढे ‘ठीक आहे’ एवढाच अर्थ दिलेला असतो. नवशिक्याची फसगत तिथेच होते.

सर्वांत आधी ‘मे पारेसे बिएन’ पक्के करावे. ‘मला हे ठीक वाटते’ असा त्याचा अर्थ. स्पेनपासून अर्जेंटिनापर्यंत ते कुठेही खटकत नाही. स्पेनमध्ये बऱ्याच भागात ‘पारेथे’ ऐकू येते इतकेच. यातला ‘मे’ म्हणजे ‘मला’. मला चालते, मला पटते, मला आवडते ही घडण मराठी माणसाच्या जिभेवर आधीच असते, त्यामुळे ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडते’ हेही लगेच बसते. इंग्रजीच्या आधाराने ‘मी’पासून वाक्य जुळवायला गेले की हीच सोपी गोष्ट अवघड होते. मराठीतून थेट स्पॅनिशकडे जावे, हे आग्रहाने सांगण्यासारखे आहे.

‘एस्ता बिएन’ म्हणजे ‘ठीक आहे’. ‘एस्तोय बिएन’ म्हणजे ‘मी ठीक आहे’. कॉफी संपली म्हणून कोणी चहा विचारला आणि उत्तरात ‘एस्तोय बिएन, ग्रासियास’ म्हटले, तर ते ‘नको, धन्यवाद’ असे समजले जाते आणि चहा येत नाही.

‘बाले’ हा स्पेनमधला रोजचा होकार. तो लिहिताना ‘व्ही’ असतो, पण उच्चार ‘ब’चा. स्पेनमध्ये ‘मे बाले’ म्हणजे ‘मला चालेल’. मेक्सिकोत मात्र त्याच दोन शब्दांचा अर्थ ‘मला काही फरक पडत नाही, गेले उडत’ असा उर्मट होतो. मेक्सिकन माणसासमोर ते टाळावेच. तिथे मित्रमंडळींत ‘साले’ किंवा ‘ओराले’ म्हणतात, अर्जेंटिनात ‘दाले’, कोलंबियात ‘लिस्तो’.

‘मे दा इग्वाल’ म्हणजे ‘मला दोन्ही सारखेच’. मराठीत ‘मला काहीही चालेल’ म्हणणे हा नम्रपणा असतो. हे स्पॅनिश वाक्य कोरड्या सुरात आले, तर समोरच्याला बेफिकिरी जाणवते. त्याऐवजी ‘कोमो प्रेफिएरा’, म्हणजे ‘तुम्हाला आवडेल तसे’, बरे. हे रूप ‘तुम्ही’साठीचे आहे, ‘तू’ म्हणण्याइतकी जवळीक असेल तर ‘कोमो प्रेफिएरास’.

नाइलाजाने मान्य करण्याची भाषा वेगळी. मेक्सिकोत ‘नी मोदो’, स्पेनमध्ये ‘के रेमेदियो’: दोन्हींत ‘काय करणार’ची छटा आहे. यजमानाने हौसेने दुसरी खोली दाखवली असता यातले काही तोंडून गेले, तर त्याचा हिरमोड होतो. ‘बुएनो’ हा शब्दही सुरावर चालतो. लांबवलेल्या ‘बरंऽऽ’सारखाच लांबवलेला ‘बुएनो’ नाखुशी सांगतो.

कामकाजात नुसत्या होकारावर थांबू नये. महाडच्या एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याच्या निर्यात विभागात बसलेल्याला परदेशी ग्राहक मंगळवारऐवजी बुधवार सुचवतो, असे समजा. ‘दे आकुएर्दो’, म्हणजे ‘मान्य’, हा औपचारिक होकार; त्यापुढे ‘एन्तोन्सेस, एल मिएर्कोलेस’, म्हणजे ‘तर मग बुधवारी’, असे जोडावे. नवशिक्या ‘मार्तेस’ आणि ‘मिएर्कोलेस’ यांत गोंधळलेला असला, तर चूक तिथल्या तिथे उघडी पडते आणि ग्राहकालाही ती लगेच दुरुस्त करता येते.