रस्ता कोणाचा?

(शहराचा मधला भाग कसा तयार होतो आणि तो कशामुळे टिकतो, हे या पाठात धुळे शहराच्या उदाहरणाने सांगितले आहे. सोबत दूरच्या नॉर्वे देशातील एका शहराचीही ओळख करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही धुळ्यात राहत असाल, तर आग्रा रोड तुम्हांला ठाऊकच आहे. जळगाव, अमळनेर किंवा मालेगावला राहत असाल, तर लग्नाच्या खरेदीसाठी किंवा नातेवाइकांना भेटायला कधीतरी तेथे गेला असाल. पाच कंदील चौकात उभे राहा आणि थोडा वेळ नुसते पाहा. कापडाची दुकाने, भांड्यांची दुकाने, फळांच्या हातगाड्या, रिक्षा आणि त्यांतून वाट काढणारी माणसे दिसतील. आजूबाजूच्या खेड्यांतले लोकही येथेच येतात. हा आहे शहराचा मधला भाग.

आता एक गंमत पाहा. शहर, बाजार, रस्ता, दुकान, इमारत, कंदील हे सगळे शब्द तुम्ही उर्दूत रोज वापरता. मराठीतही हेच शब्द आहेत. फारसी आणि अरबी भाषांतून ते आले आणि दोन्ही भाषांत राहिले. म्हणजे बाजाराची भाषा तुम्हांला आधीच अर्धी येते. उरलेली अर्धी आज आपण शिकू.

धुळ्याच्या मधल्या भागाचे एक वैशिष्ट्य आहे. येथील गल्ल्यांना आकडे आहेत. गल्ली नंबर एक, गल्ली नंबर दोन, गल्ली नंबर तीन, असे पत्ते लोक सांगतात. जुन्या गावांमध्ये सहसा असे नसते. तेथे गल्ल्या वाकड्यातिकड्या असतात. घर आधी बांधले जाते आणि उरलेल्या जागेतून वाट निघते. धुळ्याच्या या भागात मात्र आधी रस्ते आखले गेले आणि मग त्यांच्या कडेने घरे उभी राहिली. असे का झाले? त्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

त्या काळी धुळे हे लहान गाव होते. जवळच्या लळिंग किल्ल्याच्या अमलाखाली ते होते. हा किल्ला एकेकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांचा होता. पुढे मोगल, निजाम आणि मराठे यांचे राज्य या भागावर आले. १८०३ साली धुळ्यावर मोठे संकट कोसळले. होळकरांच्या सैन्याने मुलूख लुटला आणि त्याच वर्षी भयंकर दुष्काळ पडला. लोक घरेदारे सोडून निघून गेले. गाव ओस पडले. ओस म्हणजे काय? तुम्ही ज्याला वीरान म्हणता, तेच.

पण ओस पडलेले गाव पुन्हा वसवता येते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८०४ मध्ये, विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी लोकांना परत आणले. त्यांनी आपले मुख्य ठाणे धुळ्यातच केले. या कामासाठी विंचूरकरांनी त्यांना इनाम जमीन दिली. १८१८ पर्यंत या भागाचा कारभार त्यांच्याच हाती होता.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा अधिकारी येथे आला. जिल्ह्याच्या कारभारासाठी त्याला एक मुख्य ठिकाण हवे होते. त्याने धुळे निवडले. गाव जिल्ह्याच्या मध्यावर होते आणि दक्षिणेकडून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या मोठ्या वाटेवर होते. १८१९ मध्ये कचेऱ्या बांधण्याची परवानगी मिळाली. दूरदूरच्या गावांहून कारागीर बोलावले गेले. जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांचे नवे धुळे आखले गेले.

आखलेल्या रस्त्यांवर माणसे नसतील, तर त्यांचा काय उपयोग? म्हणून घर बांधू इच्छिणाऱ्यांना कायमची बिनभाड्याची जागा देण्यात आली. बांधकामासाठी आगाऊ रक्कमही मिळाली. ही सवलत जुन्या रहिवाशांना होती, तशी बाहेरून येणाऱ्यांनाही होती. १८१९ मध्ये धुळ्यात फक्त ४०१ घरे आणि २५०९ माणसे होती. १८७२ मध्ये लोकसंख्या १२,४८९ झाली होती. कापूस आणि जवस यांचा व्यापार वाढला होता. त्याच १८७२ साली पांझरा नदीला मोठा पूर आला. घरांचे आणि मालमत्तेचे फार नुकसान झाले. तरी शहर पुन्हा उभे राहिले. १९०० साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत रेल्वे आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात गेली.

येथे एक गैरसमज दूर करू. धुळ्याचे रस्ते सर विश्वेश्वरय्या यांनी आखले, असे पुष्कळ लोक सांगतात. विश्वेश्वरय्या हे फार मोठे अभियंते होते. १८८४ साली, नोकरीच्या अगदी सुरुवातीला, ते खानदेशात आले होते आणि पांझरेच्या खोऱ्यात नळातून पाणी नेण्याचे एक अवघड काम त्यांनी केले, हे खरे आहे. पण त्यांचा जन्म १८६० च्या सुमाराचा. नवे धुळे वसले १८१९ मध्ये. आता तुम्हीच वजाबाकी करा. ऐकलेली गोष्ट खरी आहे की नाही, हे कित्येकदा अशा साध्या वजाबाकीने कळते.

आता आपण फार दूर जाऊ. युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या समुद्रकिनाऱ्यावर ट्रॉन्डहाइम नावाचे शहर आहे. ते इतके उत्तरेला आहे, की तेथे जून महिन्यात रात्री नीट अंधारच पडत नाही आणि डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो. हे शहर हजार वर्षांहून जुने आहे. निदेल्वा नावाची नदी शहराच्या मधल्या भागाला वळसा घालून समुद्राला मिळते. त्यामुळे या भागाच्या जवळजवळ सर्व बाजूंना पाणी आहे. या भागाला तेथील लोक 'मिटब्यूएन' म्हणतात. या शब्दाचा अर्थच 'मधले शहर' असा आहे.

तुम्ही म्हणाल, की चारी बाजूंना पाणी असलेल्या शहराला आगीची काय भीती? पण ट्रॉन्डहाइमचा शत्रू आगच होती. तेथील घरे लाकडाची होती. गल्ल्या अरुंद होत्या. थंडीमुळे घरोघरी चुली पेटलेल्या असत. एका घराला आग लागली, की ती पलीकडच्या घरावर सहज उडी घेई. १६८१ च्या एप्रिल महिन्यात अशीच आग लागली आणि जवळजवळ सारे शहर जळून गेले.

तेव्हा राजाने योहान कास्पर द सिसिन्यों या लष्करी अभियंत्याला शहराची नवी आखणी करायला सांगितले. सिसिन्योंने विचार केला, की आग एका घरावरून दुसऱ्या घरावर जाते, कारण मध्ये मोकळी जागा नसते. म्हणून त्याने रुंद आणि सरळ रस्ते आखले. मुंकेगाता हा त्यांतला मुख्य रस्ता शंभर फुटांहून अधिक रुंद आहे. एका टोकाला जुने भव्य चर्च, दुसऱ्या टोकाला समुद्र आणि मध्ये बाजाराचा मोठा चौक, अशी त्याची रचना आहे. जेव्हा मोटारगाड्या नव्हत्या, तेव्हा एवढा रुंद रस्ता कशाला, असे तेव्हा कोणाला वाटले असेल तर नवल नाही. पण तो रस्ता गाड्यांसाठी नव्हताच. आगीला अडवण्यासाठी ठेवलेली ती मोकळी जागा होती.

सिसिन्योंची योजना पूर्णपणे अमलात आली नाही. काही जुने अरुंद बोळ तसेच राहिले. ते आजही तेथे पाहायला मिळतात. पुढेही त्या शहरात आगी लागल्या. मग एकोणिसाव्या शतकात मध्यभागी लाकडाची नवी घरे बांधण्यास मनाई झाली. पण रुंद रस्ते मात्र लोकांनी बुजवले नाहीत. तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ट्रॉन्डहाइमचा मधला भाग त्याच रस्त्यांवर उभा आहे.

मित्रांनो, या दोन शहरांत किती फरक आहे! एक बर्फाच्या प्रदेशातले, दुसरे खानदेशच्या उन्हातले. एक आगीने उजाड झाले, दुसरे लुटीने आणि दुष्काळाने. पण दोन्ही ठिकाणी शहर पुन्हा वसवताना रस्त्यासाठी जागा राखली गेली. घर एकाचे असते. दुकान एकाचे असते. पण रस्ता कोणा एकाचा नसतो, म्हणून तो सगळ्यांचा असतो. शहराचा मधला भाग या सगळ्यांच्या जागेमुळेच जिवंत राहतो.

आता पुन्हा आपल्या गल्लीत या. दुकानदार पायरीपुढे एक फळी टाकतो. त्याला वाटते, एक फळीच तर आहे! शेजारी आपली मोटारसायकल त्या फळीपुढे लावतो. तिच्यापुढे हातगाडी उभी राहते. कोणीच फार मोठी जागा घेतलेली नसते. पण सगळ्यांची थोडी थोडी जागा मिळून अर्धी गल्ली नाहीशी होते. एरवी आपण वाट काढतो. पण रात्री कोणाच्या घरी आग लागली तर? आगीचा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकेल. कोणाच्या आजोबांच्या छातीत दुखू लागले तर? रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल, पण रुग्णवाहिका दारापर्यंत येणार नाही. त्या वेळी एका मिनिटाची किंमत किती असते, हे त्या घरातल्या माणसांनाच कळते.

हातगाडीवाल्याला हाकलून द्या, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे पोट त्या गाडीवर आहे. धुळे वसले, ते बाहेरून आलेल्या माणसांना जागा देऊनच वसले. त्याच्यासाठीही जागा हवीच. ती ठरलेली हवी आणि गाडी जाईल एवढी वाट सोडून हवी. जागा सगळ्यांना मिळावी म्हणूनच तर आखणी करायची असते.

तुम्ही अजून लहान आहात. रस्ते आखणे तुमच्या हाती नाही. पण एक काम तुम्ही आजच करू शकता. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी आपली गल्ली पावलांनी मोजा. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत किती पावले झाली, ते वहीत लिहा. संध्याकाळी पुन्हा जा आणि फक्त मोकळी वाट मोजा. दोन आकड्यांची वजाबाकी करा. जळगावच्या मुलांनी फुले मार्केट किंवा गोलाणी मार्केट यांच्या आसपासचा रस्ता निवडावा.

जो आकडा येईल, तो घरी अब्बांना, अम्मींना, दुकानात बसणाऱ्या चाचांना दाखवा. कोणाशी भांडू नका. नुसता आकडा दाखवा. मग आपली सायकल लावताना तो आकडा स्वतःही आठवा आणि सायकल भिंतीलगत लावा.

शब्दार्थ
ओस – निर्जन, वीरान
वसवणे – वस्ती करणे, आबाद करणे
कचेरी – सरकारी कार्यालय, दफ्तर
आखणे – रेषा काढून जागा ठरवणे
बोळ – अरुंद गल्ली
बंब – आग विझवणारी गाडी
उजाड होणे – नष्ट होणे, बरबाद होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १८०३ साली धुळे गाव ओस का पडले?
(आ) 'मिटब्यूएन' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) घर बांधणाऱ्यांना धुळ्यात कोणत्या सवलती मिळाल्या?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धुळ्याचे रस्ते विश्वेश्वरय्या यांनी आखले नाहीत, हे कशावरून कळते?
(आ) सिसिन्योंने रुंद रस्ते का आखले?
(इ) हातगाडीवाल्याबद्दल लेखकाचे मत काय आहे? तुमचे मत काय आहे?

३. वाक्यांत उपयोग करा.
ओस पडणे, वाट काढणे, वळसा घालणे

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : पाठात सांगितल्याप्रमाणे आपली गल्ली मोजा. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर लिहून त्यांवर चर्चा करा.